अर्धा पेला

अल्माटीत धुकं उतरलं
की विमानं उतरत नाहीत.
बोर्डावर एकेक ओळ लाल होत जाते
आणि माणसं उठून उभी राहतात,
जणू उभं राहिल्यानं काही लवकर होतं.

मी कुल्याश. गेट आठच्या कोपऱ्यात माझा चहा.
एकोणीस हिवाळे रात्रपाळीचे.
धुक्याला मी नावं ठेवत नाही,
त्याच्यावरच माझी चूल पेटते.

आधी मी पाय बघते.
बूट घट्ट आवळलेला माणूस
मनानं अजून रांगेतच असतो.
त्याला सांगते, लेस सैल कर बाबा,
जमिनीवर आहेस तोवर जमिनीवर राहा.

भिंतीवरचं तिसरं सॉकेट चालतं,
पहिली दोन शोभेची.
काचेजवळ बसू नका, पाठ धरते.
अंगावरच्या पोराला घेऊन आलेल्या बाईला
खांबामागची जागा दाखवते, तिथे स्पीकर पोचत नाही.
ती म्हणते, मग मला कळणार कसं?
मी म्हणते, मी येऊन सांगेन.
एवढ्यानं तिचे खांदे वीतभर खाली येतात.

झोप बाकामुळे उडत नाही.
आपल्याला कुणी उठवणार नाही,
या धास्तीनं उडते.

तसे बाकही काही कमी नाहीत.
मध्ये मध्ये लोखंडी हात ठोकलेत,
कुणी आडवं होऊ नये म्हणून.
ठोकणारा कधी धुक्यात अडकला नसावा.
शेवटच्या रांगेतला एक हात मात्र मोडलाय.
मोडलाय म्हणजे, सफाईवाल्या बोलातनं
दोन स्क्रू काढून खिशात घातलेत.
दुरुस्तीचा अर्ज दरवर्षी निघतो
आणि दरवर्षी माझ्या साखरेच्या डब्याखाली
हरवतो.

परवा येर्देंबेक आजोबा होते.
अक्ताऊला लेकीकडे, पहिलंच विमान.
मांडीवर पिशवी, पिशवीत नातवासाठी कुर्त,
आणि दर पाच मिनिटांनी पास काढून बघायचे,
नाव अजून आपलंच आहे ना.

शेजारी एक सूटवाला
फोनमधल्या कुणाला तरी फाडून खात होता,
धुकं त्यानंच पाठवल्यासारखं.

दोघांना पेले दिले. अर्धे.
सूटवाला म्हणाला, पैसे पूर्ण आणि चहा अर्धा?

आजोबा हसले. त्या रात्रीतलं पहिलं हसणं.
म्हणाले, शहरातच वाढलास वाटतं.
अरे, पेला काठोकाठ भरला
म्हणजे यजमान सांगतो, आता निघा.
अर्धा म्हणजे, बस.
पुन्हा माग.
मला पुन्हा ओतू दे.

तो गप्प झाला. मग त्यानं मागितला.
पुन्हा मागितला.
चौथ्या अर्ध्याला कोट काढला,
सहाव्याला बूट.
आजोबांनी त्याच्या तळहातावर एक कुर्त ठेवला,
वाळलेल्या ताकाचा तो खारट खडा,
इतका कडक, की तोंडात असेपर्यंत
माणसाला ओरडता येत नाही.

बोर्ड तांबडाच होता.
खोळंबा तेवढाच होता, मिनिटभरही घटला नव्हता.
फक्त कुणी त्याच्याशी भांडत नव्हतं.
मोडक्या हाताच्या बाकावर सूटवाला आडवा,
मोज्याला भोक,
अंगावर आजोबांचा जाड अंगरखा.

पहाटे पावणेसहाला
बोर्डाच्या आधी मला कळलं.
बाहेर बर्फ लोटणाऱ्या गाड्यांचा आवाज
कापसातून बाहेर यावा तसा मोकळा झाला.

खांबामागे जाऊन आधी त्या बाईला उठवलं.
मग सूटवाल्याला. तो दचकला नाही.
डोळे चोळत म्हणाला,
अजून अर्धा मिळेल?

मी किटली घेऊन आजोबांकडे गेले
आणि पेला काठोकाठ भरला.

त्यांनी पेल्याकडे पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं,
आणि वाकून
बुटाची लेस बांधायला घेतली.